नाकाला नाक

सकाळपासून रंबू कोंगाचा पाय एका जागी ठरत नव्हता. चूल, गरम पाणी, पिळलेलं फडकं, शिंगराचा गळा, की पुन्हा चूल. जबड्याखालची गाठ नारळाएवढी झाली होती. श्वास घरघरत होता; मधेच तो अडला की कोंगाचाही अडायचा.

आईच्या अंत्यविधीत थोरल्या भावाने, उंबू तायने, मेलेल्याला सोबत घोडं द्यायच्या रिवाजाप्रमाणे आईची लाडकी घोडी कापली होती. कोंगा आडवी आली होती, नको ते बोलली होती. तेव्हापासून बहीणभाऊ एकमेकांच्या दारात फिरकले नव्हते. त्या घोडीचं मागे उरलं ते हे शिंगरूच.

"गाठ मऊ पडली की चिरा," जनावरांचा डॉक्टर सांगून गेला होता. "आणि अंग धुतल्याशिवाय दुसऱ्या घोड्याजवळ जाऊ नका. पसरणारा रोग आहे."

दुपारी गाठ मऊ लागली. डॉक्टरचा फोन लागेना, नवरा बाजाराच्या गावी. शिंगराला धरणार कोण? मान खाली घालणं जिवावर आलं होतं, तरी तिने टेकडीपलीकडे भावाला निरोप धाडला.

उंबू ताय आला आणि त्याने नाक पुढे केलं. त्यांच्याकडची रीतच होती: नाकाला नाक लागलं की भांडण मिटलं. कोंगा झटकन मागे सरली.

"बोलावून अपमान करतेस होय?" तो तसाच माघारी वळला.

"अरे दादा, सकाळपासून माझं नाक या पोराच्या नाकाला लागलंय. तू असाच जाशील तुझ्या घोड्यांत, आणि कळप आजारी पडला की माझ्या नावाने बोटं मोडशील."

तो थांबला. "जीभ काही सुधारली नाही तुझी," म्हणत त्याने शिंगराची मान कवेत घेतली.

उकळलेलं पातं हातात घेऊन कोंगा गाठीवर नुसतं बोट फिरवत राहिली.

"आई असती तर एव्हाना चिरून मोकळी झाली असती," तो म्हणाला.

तिने चिरलं. पू उसळून दोघांच्या तोंडावर आला. शिंगरू खोकलं, लटपटलं, आणि मग त्याने लांब, मोकळा श्वास घेतला. बादलीत तोंड घातलं. कोंगाला रडू आवरेना.

"आता माझंही नाक बरबटलं," उंबू ताय म्हणाला. "आता तरी?"

तिने नाक त्याच्या नाकाला घट्ट लावलं.

"अंघोळ केल्याशिवाय घोड्यांत जाऊ नकोस," ती नाक न काढताच म्हणाली.