बिनभात्याचा कीबोर्ड

माझ्या नवऱ्याने, तिकाने, एकतीस वर्षं अकॉर्डियन वाजवला आणि मी एकतीस वर्षं त्याच्या शेजारी उभी राहून गायले. लेस्कोवाच आणि आसपासच्या गावांत आमच्याशिवाय झालेलं एखादं लग्न असेलही, पण ते काही धड लागलं नसणार. गेल्या हिवाळ्यात तिकाच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरने एकच वाक्य सांगितलं: खांद्यावर तीन किलोंच्या वर काही नको. अकॉर्डियन अकरा किलोंचा. तिका डॉक्टरला म्हणाला, "मी खांद्याचे पट्टे रुंद करून घेतो, मग चालेल ना?" डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

वसंतात माझ्या भावाने हौसेने एक लॅपटॉप आणून दिला. टेबलावर कीबोर्ड, शेजारी लॅपटॉप आणि सगळे आवाज त्या लॅपटॉपच्या पोटात. दोन लग्नं बरी गेली. तिसऱ्या लग्नात कोलो ऐन रंगात आला होता, साठ-सत्तर माणसं हातात हात गुंफून अंगणभर नाचत होती आणि गाणं तुटलं. पडद्यावर एक चक्र फिरत होतं आणि खाली लिहिलं होतं, अपडेट चालू आहे, कृपया बंद करू नका. अख्खी साखळी एक पाय उचलून थांबली. नवरदेवाचा मामा तिथूनच ओरडला, "तिका, हा पाय खाली टाकायचा की घरी घेऊन जायचा?"

लोक हसले, विसरले. तिका विसरला नाही. घरी येऊन त्याने लॅपटॉप कीबोर्डसकट भावाच्या हातात परत ठेवला आणि जाहीर केलं, "ज्याला पडदा आहे अशी कुठलीही वस्तू ह्यापुढे माझ्या गाण्यात नको." मग कुठून तरी त्याने आवाजाची एक डबी मिळवली. साबणाच्या डबीपेक्षा थोडी मोठी, बॅटरीवर चालणारी, आत अकॉर्डियनचे आवाज, ढोल, सगळं भरलेलं. फक्त तिला वाजवायच्या पट्ट्या नव्हत्या. म्हणजे आता नुसत्या पट्ट्यांचा कीबोर्ड हवा होता.

आणि तो दहा दिवसांत हवा होता, कारण दहा दिवसांनी मोमचिलोच्या मुलीचं लग्न होतं. मोमचिलो आमचा कूम. आमच्या लग्नात वेदीपाशी तो साक्षीदार म्हणून आमच्यामागे उभा होता आणि आमच्याकडे कूम सख्ख्या भावाहून वरचा. लग्नात वादक स्टेजवरून वाजवतात ते पायांसाठी. माणसासाठी वाजवायचं तर खाली उतरून टेबलापाशी जायचं, वाकायचं आणि थेट त्याच्या कानात वाजवायचं. त्यात मोमचिलोचा डावा कान लष्करात तोफेने नेला, उजवाही अर्धाच ठेवला. त्याच्या उजव्या कानाशी गेलं नाही तर त्याला मुलीच्या लग्नात फक्त माणसांची तोंडं हललेली दिसणार.

"टेबलापर्यंत जाता आलं तर मी येईन," तिका म्हणाला. "नाही जमलं तर त्याला सांग, दुसरा बँड बघ. आणि इतरांनाही सांगून टाक. मी नुसता स्टेजवर इस्त्रीवाल्यासारखा टेबलामागे उभा राहणार नाही."

तो हे शांतपणे बोलला म्हणून मला भीती वाटली. तिका ओरडतो तेव्हा काळजी नसते. महिनाभर तो रोज सकाळी नदीवर गळ टाकून बसत होता आणि ह्या माणसाने जन्मात मासा तोंडात घातलेला नाही. एकदा मी मागून जाऊन पाहिलं, तर गळाला आमिषच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो मला न सांगता बसने निशला गेला. जाताना आयवारच्या चटणीसाठी मिरच्या तोलायचा माझा ताणकाटा घेऊन गेला. वाद्यांच्या दुकानात त्याने प्रत्येक कीबोर्ड काट्याला टांगून पाहिला असणार, कारण संध्याकाळी विजयी चेहऱ्याने घरात शिरला. "एक किलो शंभर! देसा, हे तर तुझ्या पर्सपेक्षा हलकं आहे."

कीबोर्ड देखणा होता. रंगीत बटणं, गोल खुंट्या. तिकाने त्याची वायर डबीला जोडली, बोटं मोडली आणि पहिला सूर दाबला. काही नाही. दिवासुद्धा लागला नाही. त्याने जोरात दाबला. मग डबी हलवली. मग मला म्हणाला, "तू काहीतरी केलंस."

"मी कांदा चिरतेय."

"मग शेजाऱ्यांनी केलं असेल."

सकाळी मीच त्याच्याबरोबर निशला गेले. दुकानात नेवेना नावाची बाई होती, चाळिशीची, एकेकाळी शाळेत संगीत शिकवायची. तिने खोका बघितला आणि कपाळाला हात लावला. "मास्तर, काल विचारलं का नाहीत? तुम्ही नुसता काटा लावत फिरत होता, मला वाटलं वजनमापवाले आलेत."

"वाजत का नाही ते सांग."

"ह्याला स्वतःचा आवाज नाही. कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, एवढंच हा दुसऱ्याला जाऊन सांगतो."

"चुगलखोर."

"हो, आणि हा फक्त कॉम्प्युटरपाशीच चुगली करतो. जेवतोही त्याच्याच हातून, वीज तिकडूनच येते ह्याला. कॉम्प्युटर नको असेल तर असा हवा." तिने दुसरा कीबोर्ड पालथा करून दाखवला. मागे पाच छिद्रांचं गोल सॉकेट होतं. "ही जुनी पद्धत. ह्या भोकातून तो सरळ तुमच्या डबीशी बोलेल. बॅटरीवर चालतो. वायर पायात नको असेल तर ह्या सॉकेटला बिनतारी जोडही मिळतो, अंगठ्याएवढा."

तिकाने काटा काढला. दोन किलो दोनशे. त्याचा चेहरा उजळला. त्याने अकॉर्डियनचे पट्टे घरूनच आणले होते. नेवेनाने ते कीबोर्डच्या दोन टोकांना बांधून दिले आणि आमची डबी काउंटरवरच्या स्पीकरला जोडली. शहाणा माणूस तो कमरेपाशी आडवा घेईल. तिकाने तो उभा छातीशी धरला, अकॉर्डियनसारखा, खालचे सूर वर आणि वरचे सूर खाली. त्यामुळे सूर वाकवायचं चाक नेमकं हनुवटीखाली आलं. पहिलीच ओळ वाजवताना त्याने मान लववली आणि सूर दारू प्यायल्यासारखा घसरला.

"मास्तर, हनुवटी वर!" नेवेना म्हणाली आणि तिने त्या चाकावर चिकटपट्टी मारली.

पुन्हा सुरू केलं. बोटं तीच, गाणं तेच. पण ओळीच्या टोकाला, जिथे सूर फुगायला हवा, तिथे तिकाचा डावा हात सर्रकन बाहेर गेला आणि मांडणीवरच्या चार छोट्या गिटारी खाली आल्या. नेवेना त्या उचलत असतानाच पुढची ओळ संपली आणि पाचवी आली.

"अरे, हात आवर!" मी ओरडले.

"कुठला हात?" त्याने खरंच विचारलं. त्याला पत्ताच नव्हता. एकतीस वर्षं त्या हाताने भाता ओढला होता, तो अजून हवेतच भाता शोधत होता. सूर मात्र सगळे एका उंचीचे, सपाट, दाढी केल्यासारखे येत होते. तिकालाही ते ऐकू आलं. तो थांबला आणि पट्टा खांद्यावरून काढू लागला.

"हा श्वासच घेत नाही," तो म्हणाला. "राहू दे देसा. घरी चल."

दुकानात रडायचं नाही म्हणून मी नेवेनावर डाफरले, "आवाज लहान-मोठा करायला तुमच्याकडे काहीच नाही का?"

"पायाचं पेडल आहे. पण चालणाऱ्या माणसाला काय कामाचं?"

"द्या इकडे." माझा आजोबा गायदे वाजवायचा. बकऱ्याच्या कातड्याची ती पिशवी काखेत धरून दाबायची असते, मग सूर निघतो. मी ते पेडल तिकाच्या डाव्या काखेत खुपसलं, कोपराने दाबता येईल असं, आणि माझ्याच ओढणीने छातीला आवळून बांधलं. नेवेनाने त्याची वायर कीबोर्डमध्ये खोचली. नशीब, तिथे पेडलसाठी भोक होतं.

"आता दाब."

सूर हळूच आला, फुगला, थरथरला आणि विरला. तिकाने नेवेनाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग त्याने डोळे मिटून पूर्ण गाणं वाजवलं, दुकानातली गिऱ्हाइकं काउंटरशी थांबून राहिली. शेवटी मी सगळं काट्याला टांगलं. दोन किलो नऊशे.

"डॉक्टरपेक्षा शंभर ग्रॅमने जिंकलो," तिका म्हणाला.

आठवडाभर स्वयंपाकघरात तालीम केली. डबी फ्रीजवर, स्पीकरही फ्रीजवर आणि तिका टेबलाभोवती फेऱ्या मारत, खुर्चीवर टांगलेल्या कोटाच्या कानात वाजवत. नदीवर तो एकदाही गेला नाही. गळ मी गच्चीवर मिरच्यांच्या माळा टांगायला घेतला.

लग्न दुपारचं होतं. तिका नवं वाद्य घालून स्टेजवर आला तसा हॉलभर हशा पिकला. "तिका, अकॉर्डियनचे कपडे कुठे गेले?" कोणी तरी ओरडलं. "उन्हाळा आहे, उतरवून आलाय," तिकाने उलट फेकलं. कोलो सुरू झाला आणि हशा थांबला, सगळे उठले. नेवेनाचा बिनतारी जोड कीबोर्डमागे चिकटवलेला, डबी स्टेजवर, मोठे दोन स्पीकर तिच्या हुकमात. एकही पाय हवेत राहिला नाही.

भाजलेलं मांस टेबलांवर आलं तेव्हा मोमचिलोने हात वर केला. काळा कोट, डोळे आधीच ओले. त्याने नेहमीसारखा स्वतःच्या उजव्या कानावर हात ठेवून दाखवला. तिका पायऱ्या उतरला. मी मागे. तो मोमचिलोपाशी वाकला, कीबोर्ड कानाशी नेला आणि मोमचिलोच्या बापाचं आवडतं गाणं सुरू केलं.

मोमचिलो वाट बघत राहिला. मग त्याने मान वळवून स्टेजकडे पाहिलं. "तिकडे कोण वाजवतंय?"

"मीच वाजवतोय ना, कूम!"

"तू? माझ्या कानाशी तर फक्त टकटक ऐकू येतेय रे."

तो थट्टा करत नव्हता. प्लास्टिकच्या पट्ट्यांवर बोटं आपटत होती तेवढंच त्याच्या कानाशी होतं. गाणं हॉलच्या दुसऱ्या टोकाला, स्टेजवर. आम्ही वजन पाहिलं, सॉकेट पाहिलं, बॅटरी पाहिली, काखेतलं पेडलसुद्धा जमवलं. आवाज कुठून येणार हे एकानेही पाहिलं नाही. तालमीत फ्रीजवरचा स्पीकर तिकापासून दोन हातांवर होता, मग कळणार कसं? आणि ज्याच्या छातीवर एकतीस वर्षं आवाज बांधलेला होता, त्याला तो दुसरीकडे असू शकतो हे सुचावं कुठून?

तिकाचा उजवा हात पट्ट्यांवरून खाली आला. मी तो चेहरा ओळखते. तो आता कोट घेणार होता, कोणाला न सांगता मागच्या दाराने जाणार होता आणि उद्या सकाळी पुन्हा नदी.

"हलायचं नाही!" मी त्याला इतक्या जोरात सांगितलं की शेजारच्या टेबलावरचा पाद्रीही घास धरून थांबला. मी धावले. हॉलच्या दारात, नवरीच्या स्वागताचं संगीत लावायला, बॅटरीवरचा एक छोटा स्पीकर होता, पट्टा लावलेला. तो गळ्यात अडकवला. स्टेजवरून डबी काढली, स्पीकरला जोडली आणि पदरासारखी कमरेच्या पट्ट्यात खोचली. माझा रेशमी पोशाख, वर पोटावर तो काळा स्पीकर. मी नऊ महिन्यांची दिसत होते आणि तसं एक-दोघींनी म्हटलंही. मी तिकाच्या डाव्या अंगाला चिकटून उभी राहिले. बसलेल्या माणसाचा कान उभ्या बाईच्या पोटाशी येतो, हे देवानेच मोजून ठेवलं असावं.

"वाजव," मी म्हटलं.

त्याने दाबलं आणि सूर माझ्या पोटातून निघाला. मोमचिलो दचकला. मग त्याने डोळे मिटले आणि कपाळ माझ्या स्पीकरला टेकवलं. तिका सूर फुगवायला काख आवळायचा तेव्हा त्याचं कोपर माझ्या बरगडीत रुतायचं. दुखत होतं. एकतीस वर्षं मी त्याचं वाजवणं कानाने ऐकलं होतं, आज ते माझ्या हाडांत घुमत होतं आणि ते ऐकण्यात पहिली ओळ गायचं मी विसरूनच गेले.

"गा ना," तिका कानात कुजबुजला. "बाई, एवढं गाणं माझ्या एकट्याच्या गळ्यात नको टाकू."

मी गायले. मोमचिलो मुलीचं नाव घेऊन लहान मुलासारखा रडला. कडवं संपतंय तोच पलीकडच्या टेबलावरून वराच्या काकाने बोलावलं, त्याच्या पलीकडून आणखी दोघांनी. मी घाम पुसायला रुमाल शोधत होते. तिका केव्हाच तीन पावलं पुढे गेला होता. तो वळला, मी मागे आहे हे बघून परत आला, माझं मनगट धरलं आणि ओढू लागला.

"चल गं, लवकर, लोक थांबलेत," तो म्हणाला. आणि पुढचा सूर त्याने चालता चालताच लावला.