तिसऱ्या घंटेनंतर

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, कार्टीच्या पायाला भिंगरी आहे. त्यामुळे आसावरीबाईंनी "बसा ना, मेघना" असं पुन्हा म्हटलं तेव्हा मी खुर्चीच्या कडेला टेकले आणि लगेच उठले. आसावरीबाई म्हणजे मानपाड्याच्या त्या शाळेच्या मुख्याध्यापिका. इस्त्रीची साडी, शांत आवाज, एकेक शब्द तोलून. अशा माणसांपुढे माझी जाम तंतरते.

"आज तुमचा प्रयोग बघते," त्या म्हणाल्या, "आणि मग शनिवारच्या तासाचं ठरवते. पालकांना त्या वेळी स्कॉलरशिपचा जादा वर्ग हवा आहे. दोन्ही काही जमायचं नाही."

शनिवारचा एक तास! त्यासाठी मी ठाण्यापासून शहाडपर्यंत शाळा पालथ्या घातलेल्या. कुठेही जा, एकच प्रश्न. "मॅडम, गॅदरिंगला डान्स बसवून द्याल का?" अहो, नाही द्यायचा मला डान्स बसवून! मला मुलांना बोलतं करायचंय. त्यांचं नाटक त्यांच्याच पोटातून काढायचंय, आणि ते महिनाभर येऊन टाटा-बायबाय करून होत नाही. आपण गेलो की मुलं परत तोंडं मिटतात. दर आठवड्याला हक्काचा तास पाहिजे, आणि तो द्यायला आजवर एकही शाळा तयार झालेली नव्हती. ही होईल असं वाटत होतं.

त्यातून नाटकाचा विषय असा, की बाईंच्या कपाळावरची आठी जाईना. त्या म्हणाल्या, पाणी वाचवा करा, झाडे लावा करा. पण मुलांना मी विचारलेलं, तुमच्या गल्लीत काय आहे? सातवीचा अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "वास!" शाळेच्या पलीकडेच कंपन्यांचा पट्टा. मग झालं नाटक. गल्लीत वास येतो, कंपनीचा साहेब येतो, म्हणतो, वास कसला, मला तर काही येत नाही. आणि एक म्हातारी त्याला धरून बसवते.

ती म्हातारी म्हणजे प्राप्ती. आगऱ्यांची पोर, वर्गात 'हजर'च्या पुढे शब्द नाही. कार्यशाळेत मी सांगितलं, घरातल्या कोणाची तरी चाल करून दाखवा. ही कमरेवर हात ठेवून चालायला लागली, आजीसारखी, आणि चालता चालता तोंड सुटलं. असं काही तासलं समोरच्या साहेबाला, की साहेब झालेला दर्शन खरंच मागे सरकला. आमचा ज्यूड घुमट वाजवायचा विसरला. ज्यूड कोलशेतचा, आजोबांचं घुमट, म्हणजे चामडं ताणलेलं मातीचं मडकं, घेऊन माझ्याबरोबर शाळाशाळांतून फिरतो आणि माझी बोलणी खातो.

त्या दिवसापासून प्राप्ती मला सोडेना. मी सांगेन ती पूर्व दिशा. आणि मी काय सांगायचे? माझ्या नाटकाच्या सरांनी मला जे सांगितलं तेच. "तिसरी घंटा झाली की आभाळ कोसळलं तरी जागा सोडायची नाही. विंगेतला नट विंगेतच. एंट्री आली की बाहेर." रोज तालमीत सगळ्यांकडून घोकून घ्यायचे मी हे. ज्यूड म्हणायचा, "अगं, पोरं आहेत ती, मिलिटरी नाही." मी त्याला गप्प बसवायचे. नाटक करायचं तर शिस्त पाहिजे ना? आम्ही ताप अंगात घेऊन प्रयोग केलेत.

तर प्रयोग सुरू झाला. वरच्या मजल्यावरचा हॉल, समोर मुलं, मागे पालक. पालकांच्या पहिल्या रांगेत प्राप्तीची आजी, जनाबाई, नऊवारी नेसून, कानातलं घालून. नातीला वाटलेलं की आजीला सरप्राइज द्यायचं, आपण तिचीच नक्कल करतोय हे तिला सांगितलेलं नव्हतं. ज्यूडने आपली पितळी घंटा एकदा वाजवली, दुसऱ्यांदा वाजवली, तिसऱ्यांदा वाजवली. पडदा म्हणजे दोन चादरी, त्या सरकल्या. मी हॉलच्या मागे येरझारा घालत होते.

पहिला प्रवेश झकास गेला. लोक हसले. बाईसुद्धा हसल्या, मी बघितलं. मनात म्हटलं, आला शनिवार! आणि तेवढ्यात नाकात काहीतरी शिरलं. सडक्या कोबीसारखं, पण घशात टोचणारं. मला आधी वाटलं, मलाच भास होतोय, नाटकाचं डोक्यात बसलंय. मग एक बाई खोकली. मग चार जण खोकले.

खाली शाळेची घंटा सुरू झाली. थांबेचना. काही वर्षांपूर्वी पट्ट्यात मोठा स्फोट झालेला, शाळेच्या काचा फुटलेल्या, तेव्हापासून इथे मुलांना शिकवलंय की घंटा न थांबता वाजली की दप्तर टाकायचं, नाकाला रुमाल लावायचा आणि रांगेने मागच्या मैदानात जायचं. मुलं उठली. रडारड नाही, धक्काबुक्की नाही. पालकच घाबरले, मुलं नाही. मी समोरची चारपाच पोरं पुढे घातली आणि जिना उतरले. स्टेजवरची ज्यूड घेऊन येतोय हे दिसलं, म्हणून मागे बघितलं नाही.

मैदानात वर्गशिक्षकांनी डोकी मोजली. परत मोजली. "सातवीतली एक कमी आहे."

ज्यूड म्हणाला, "मेघना, स्टेजवरची सगळी आणली मी. विंगेत बघितलं नाही गं."

मी परत वर पळाले. बाई मागून ओरडल्या, "थांबा, अग्निशमनवाले येताहेत!" त्यांचा आवाज एवढा मोठा होतो हे मला तेव्हा कळलं. जिन्यात वास दाट होता, डोळ्यांतून पाणी येत होतं. हॉल रिकामा. काळा पडदा बाजूला केला तर स्टुलावर प्राप्ती. नाटकासाठी नेसलेल्या आजीच्या लुगड्याचा पदर नाकाला घट्ट धरलेला, दुसऱ्या हातात नाटकातला चहाचा कप.

"अगं, इथे काय करतेस तू?"

"बाई, माझी एंट्री नाही आली अजून."

"घंटा ऐकू नाही आली तुला?"

"आली," ती म्हणाली. "पण तिसरी घंटा आधी झालेली ना. आभाळ कोसळलं तरी जागा सोडायची नाही."

पोरीला सगळं कळत होतं. वर वास आहे, सगळे गेलेत, स्फोट होऊ शकतो. तरी ती बसून राहिली, कारण मी सांगितलेलं. शाळेने तिचा जीव वाचवायला शिकवलेलं ते माझ्या एका वाक्यापुढे फिकं पडलं. मी तिला उचललं. कप खाली पडून फुटला. एवढी मोठी मुलगी कडेवर घेऊन मी जिना कशी उतरले, देव जाणे.

जनाबाई माझ्या अंगावरच आली. "कनाला ठेवलास गो माजे पोरीला वर? कनाला?"

मी उत्तर देणार त्याच्या आधी प्राप्तीच म्हणाली, "आजी, बाईंना नको ओरडू. बाईंनीच शिकवलंय आम्हाला." माझी बाजू घेत होती बिचारी! आसावरीबाई जवळच उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. शनिवार गेला, हे मला कळलं. खरं सांगते, त्या क्षणी त्याचं काहीच वाटलं नाही.

मी मुलांना जवळ बोलावलं. "ते तिसऱ्या घंटेचं मी सांगितलेलं ना, ते साफ चूक आहे. चुलीत घाला ते. धोका वाटला की नाटक सोडायचं आणि पळायचं. मी थांब म्हटलं तरी पळायचं. कळलं?" मुलांनी माना हलवल्या. प्राप्तीने मान हलवली नाही.

अग्निशमनवाले आले, कुठल्याशा कंपनीत गळती झालेली ती बंद केली म्हणाले. वारा सुटला, वास विरला. पालक तावातावाने बोलत होते, कोणी घरी जाईना. मी ज्यूडला म्हटलं, चल, सामान आवर.

"कुठे निघालात?" आसावरीबाई म्हणाल्या. "पुढचा प्रवेश इथेच करा. आज नाही करायचा, तर कधी?"

मैदानात गोल झाला. ज्यूडने घुमट घेतलं, घंटेला हात लावला नाही. दर्शन साहेब होऊन आला, वास कसला, म्हणाला, आणि लोकांनी खरोखरच्या शिव्या घातल्या. मग प्राप्ती आली, कमरेवर हात ठेवून. जनाबाईने तोंडाला पदर लावला. ओळखलं तिने.

"ये रं साहेबा," प्राप्ती म्हणाली, "बस माझ्या ओट्याव..." आणि तेवढ्यात पट्ट्यातून भोंगा झाला. लांब, कर्कश.

प्राप्ती वाक्य अर्धं टाकून थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. थांबू की पळू? माझा हात वर जायला निघाला. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून घेतले. नाही, पोरी. आता मला नको विचारूस.

तिने वाट बघितली. मग मान वळवली. भोंग्याकडे कान दिला, नाक वर करून हवा हुंगली, आजीकडे बघितलं.

"पाळी सुटल्याचा भोंगा आहे," ती आपल्या साध्या आवाजात म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि परत कमरेवर हात ठेवला. "बस रं साहेबा. चहा पी. रातभर ऱ्हा हितं, आनि मंग मना सांग वास येत नाय म्हून!"

काय टाळ्या पडल्या! जनाबाई तर उठून उभीच राहिली.

आसावरीबाई माझ्या शेजारी येऊन थांबल्या. "शनिवारी पहिला तास घ्या," त्या म्हणाल्या. "आणि सुरुवात आत्ता तुम्ही जे केलंत ना, त्यापासून करा. काही न सांगण्यापासून."

मी हो म्हटलं. तिथेच मातीत खाली बसले, आणि नाटक संपेपर्यंत उठले नाही.