माझ्या पोटातले बंदर

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि स्वभावाने हेवेखोर आहे. हे आधीच कबूल केलेले बरे, कारण माझ्या आयुष्यात जे भले-बुरे घडले त्यात या हेव्याचा वाटा मोठा आहे.

माझा जन्म पोलंडमधल्या एल्ब्लाँग गावी, चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात, जेवणाच्या टेबलावर झाला. कारखान्यातून खोक्यात बंद होऊन आलेल्यांतला मी नव्हे. वित नावाच्या माणसाने माझे भाग चार दुकानांतून गोळा केले आणि आपल्या चौदा वर्षांच्या पुतण्यासाठी मला जोडले. पुतण्याचे नाव मिरोन गाव्लिक. मिरोनची आई तेकला शेजारी बटाटे सोलत बसली होती.

ती म्हणाली, “वित भावजी, एक स्क्रू उरलाय हो.”

“उरलेला स्क्रू म्हणजे कारागिराची सही, वहिनी,” वित काका म्हणाला आणि त्याने माझे झाकण लावून टाकले.

त्याच आठवड्यात मिरोनला एका मासिकाबरोबर खेळाची तबकडी फुकट मिळाली. खेळाचे नाव होते ‘सातवा पहारा’. त्यात आपण एका हद्दपार शिपायाचे सोंग घ्यायचे, गावोगाव फिरायचे, माणसांशी बोलायचे, त्यांची कामे करायची आणि हळूहळू नाव कमवायचे. त्या खेळातल्या राज्याच्या उत्तरेला एक भला मोठा दरवाजा होता. तो कधीच उघडत नसे. तिथला पहारेकरी एवढेच म्हणे, “पुढे काही नाही. परत जा.” खेळ बनवणाऱ्यांना वेळ पुरला नव्हता, म्हणून त्यांनी दरवाजा लावून टाकला होता. पण पोलंडभरची मुले त्या दरवाजावर डोके आपटत राहिली, आणि मिरोन त्यांत पहिला. शेजारची पोरे आमच्या स्वयंपाकघरात जमायची आणि माझ्या पडद्याला नाक लावून बसायची. काय दिवस होते ते! घरात दूरदर्शन संच होता, पण त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. मला त्याची कीव येई, आणि खरे सांगायचे तर बरेही वाटे.

पुढे मिरोन शिकायला ग्दान्स्कला गेला. तेकलाने मला जुन्या पडद्यात गुंडाळून कोठीत ठेवले. एका बाजूला खारवलेल्या काकड्यांच्या बरण्या, दुसऱ्या बाजूला बर्फात घालायचे बूट. सुट्टीत मिरोन घरी यायचा तेव्हा त्याच्या हातात मोबाइल असे. त्या वीतभरही नसलेल्या वस्तूकडे तो हसून बघायचा. मी कोठीच्या फटीतून पाहायचो आणि आतल्या आत जळायचो.

मिरोन गावी परतला तो ट्रामचालक होऊन. एका फेब्रुवारीत त्याने मला कोठीतून बाहेर काढले, धूळ पुसली, आणि माझा पंखा घरघरत फिरू लागताच तो म्हणाला, “चल म्हाताऱ्या, त्या दरवाजामागे काय आहे ते आता आपणच बांधू.”

त्याचे झाले होते असे. ‘सातवा पहारा’वर अजून जीव टाकणाऱ्या लोकांचा इंटरनेटवर एक कट्टा होता. तिथे मिरोनने जाहीर केले होते की उत्तरेच्या दरवाजामागे तो एक अख्खे बंदर उभारणार आहे. खाली धक्के, वखारी, मासळीबाजार. वर टेकडीवर गाव आणि दीपगृह. साठ माणसे, प्रत्येकाला घर, धंदा, भांडण आणि स्वतःची बोली. लोक हसले. एकाने लिहिले, “ट्रामवाल्या, अशी शंभर बंदरं आम्ही घोषणेतच बुडालेली पाहिलीत.” दुसरा म्हणाला, “ट्राम तरी वेळेवर आणतोस का?”

तरीही सहा जणांनी मदतीचा शब्द दिला. महिनाभरात पाच गायब झाले. उरली ती यागोदा मिएल्निक.

यागोदा माल्बोर्कला औषधाच्या दुकानात काम करायची. दिवसभर म्हाताऱ्या गिऱ्हाइकांची गुडघेदुखी, सुनांच्या तक्रारी आणि हवामानाचे अंदाज ऐकून तिचा कान तयार झाला होता. बंदरातल्या माणसांचे संवाद तिने लिहायचे ठरले. एका रविवारी ती रेल्वेने आली. एका हातात खसखशीचा केक आणि दुसऱ्या हातात चपटा, रुपेरी लॅपटॉप. तो तिने टेबलावर नेमका माझ्या शेजारी ठेवला.

मिरोन उद्गारला, “अरे वा! काय हलका आहे! आणि आवाजच नाही याला.”

मी त्या क्षणापासून त्या लॅपटॉपचा वैरी झालो.

पण एक गोष्ट माझ्या बाजूची होती. ‘सातवा पहारा’मध्ये भर घालायची हत्यारे, म्हणजे सॉफ्टवेअर, इतकी जुनी होती की ती फक्त माझ्यावरच चालत. मिरोन पाळी संपवून येई, गणवेश न उतरवता माझ्यापुढे बसे आणि दगडावर दगड रचत जाई. नदीकाठच्या धक्क्यांवर उभे राहून त्याने शेवाळाचे फोटो काढले होते. पायऱ्या कुठे झिजतात, दोर कुठे घासतात, हे सारे तो मोजून आणत असे. त्या बंदराचा कणन्‌कण माझ्या पोटात साठत गेला. मला वाटे, हे बंदर आमच्या दोघांचे.

यागोदा दर रविवारी येऊ लागली. सुरुवातीला ती घरून लिहून आणी. पुढे म्हणाली, “माणसं समोर उभी दिसली की मला बोलणं सुचतं,” आणि थेट माझ्याच कळफलकावर लिहू लागली. तिने एक नाववाली म्हातारी रचली. ती प्रवाशांना बोटीत घ्यायची, पण भाडे म्हणून पैसे नाही, प्रत्येकाकडून एक खरी गोष्ट मागायची. यागोदाची बोटे माझ्यावर चालत तेव्हा मी सुखावत असे. आणि ती उठून लॅपटॉप छातीशी धरून निघाली की पुन्हा धुमसत असे.

चौदा महिन्यांनी त्यांनी कट्ट्यावर एक नमुना दाखवला. पाच मिनिटांची चित्रफीत. मिरोन म्हणाला, “या म्हाताऱ्यावर चित्रफीत जोडताना अडखळते, तेवढी जोडणी तुझ्या लॅपटॉपवर करू.” घाम माझा आणि चेहरा त्याचा! मी रागाने इतका तापलो की तेकलाने खिडकी उघडली.

दुसऱ्या दिवसापासून कौतुकाचा पाऊस पडला. ‘ती नाववाली म्हातारी!’ ‘म्हातारीचं हे वाक्य मी आईला वाचून दाखवलं.’ ‘कोण लिहितं हे?’ मिरोन खाली खाली सरकत सगळे वाचत गेला. बंदराबद्दल एकच ओळ सापडली : ‘जागा ठीक आहे.’

मित्रांनो, तेव्हा मला कळले की हेवा करणारा या घरात मी एकटा नाही.

रविवारी यागोदा हसतच आली. मिरोनने कोटसुद्धा काढू दिला नाही.

“चौदा महिने मी दगड रचलेत. आणि लोकांना दिसतंय काय, तर एक म्हातारी!”

“अरे, पण ती तुझ्याच धक्क्यावर उभी आहे ना?”

“तसं लिहिलंय कुणी? एकाने तरी? दाखव मला.”

यागोदाचे हसू मावळले. “म्हणजे माझं चांगलं झालं, ते तुला खुपतंय.”

“खुपतंय. मग?”

तेकला चहा घेऊन दारात आली होती. “आधी चहा घ्या दोघं, मग भांडा.”

“त्यालाच द्या, काकू. थंड करून,” यागोदा म्हणाली. तिने लॅपटॉप पिशवीत घातला. दारापाशी थांबून ती म्हणाली, “म्हातारीची शेवटची सहा प्रकरणं तुझ्या संगणकात आहेत. माझ्याकडे नाहीत ती. पाठवून दे.”

“बघू,” मिरोन म्हणाला.

त्याने ती पाठवली नाहीत. तिने दोनदा मागितली, त्याने उत्तर दिले नाही. आणि मी? मी आनंदात होतो. लॅपटॉप गेला, यागोदा गेली, मिरोन पुन्हा सगळा माझा झाला. बंदराची एक प्रत दुसरीकडे ठेवावी असे त्याच्या मनात येई; पण लगेच तो पुटपुटे, “नको. कुठून तरी तिच्या हाती लागायची.” मला ते ऐकून गुदगुल्या होत.

आता तो संवादही स्वतःच लिहू लागला. एकदा त्याने आईला वाचून दाखवले. तेकला विणकाम करता करता ऐकत होती. शेवटी म्हणाली, “मिरोनेक, राग मानू नकोस. पण तुझा कोळी, तुझा लोहार, तुझा पाद्री, सगळे ‘पुढील थांबा बाजार चौक’ असंच बोलतात रे.”

त्या दिवशी मिरोनने म्हातारीची सहा प्रकरणे उघडून वाचली, आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचली.

जानेवारीत माझ्या पोटात टकटक सुरू झाली. ज्या चकतीवर सगळे साठवलेले होते, ती झिजली होती. मिरोनने तो आवाज ऐकला आणि त्याचा चेहरा उतरला. घाईघाईने त्याने एक पेनड्राइव्ह लावून पाहिला. दहा मिनिटांत मी तापलो आणि मधेच थिजलो. हाती काहीच लागले नाही. त्याने घाबरून मला बंद केले. तीन दिवस तो मला हात लावायला धजला नाही, की धड जेवला नाही.

चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, दाराची घंटा वाजली.

“तू कशी काय?” मिरोनने विचारले.

“तेकला काकूंनी फोन केला. म्हणाल्या, संगणक मरायला टेकलाय आणि मुलाचंही काही खरं दिसत नाही.” यागोदाने बूट काढले. “आमच्या दुकानातला असाच गेला होता. दुरुस्तीवाल्याने कसं वाचवलं ते मी पाहिलंय. थंड ठेवायचा, आणि थोडं थोडं काढून घ्यायचं.”

तेकलाने खिडक्या सताड उघडल्या. बाहेर बर्फ होता. मग तिने बर्फपेटीतून गोठवलेल्या पिरोग्यांची, म्हणजे उकडायच्या करंज्यांची, पिशवी आणली, जाड टॉवेलात गुंडाळली आणि माझ्या कुशीला लावली. “कोबीच्या आहेत. याच्यावर नाही भागलं तर मशरूमच्याही आहेत,” ती म्हणाली. तिघेही कोट घालून माझ्याभोवती बसली. यागोदाने तारेचे एक टोक मला जोडले आणि दुसरे त्या रुपेरी लॅपटॉपला.

मित्रांनो, त्या घडीचा अपमान मी विसरू शकत नाही. माझे सर्वस्व काढून मी ते कुणाच्या पदरात घालायचे, तर त्याच्या!

यागोदा म्हणाली, “हा किती वेळा सुरू होईल सांगता येत नाही. आधी काय काढायचं ते तू ठरव. बंदर मोठं आहे, त्याला वेळ लागेल.”

मिरोनने माझ्याकडे पाहिले. मी मनात ओरडत होतो : बंदर म्हण! बंदर म्हण! ते आपले आहे!

“आधी तुझी म्हातारी,” तो म्हणाला.

“मिरोन, तुझे दोन वर्षांचे कष्ट आहेत...”

“आधी म्हातारी म्हटलं ना.” मग तो खाली बघून म्हणाला, “मी मुद्दाम पाठवली नव्हती.”

“माहीत आहे. तुझ्या जागी मी असते, तर मीही बहुतेक पाठवली नसती.”

मला सुरू केले. टकटक होत होती, पण मी धरून राहिलो. सहाही प्रकरणे अखंड पलीकडे गेली. दुसऱ्या खेपेला धक्के गेले, वखारी गेल्या, अर्धा मासळीबाजार गेला. तिसऱ्या खेपेला उरलेला बाजार गेला, आणि वरच्या गावाच्या पहिल्या पायरीपाशी माझ्या पोटात एक लांब करवती आवाज झाला. मग काहीच नाही. चौथ्या खेपेला मी सुरूच झालो नाही.

अठ्ठावीस घरे आणि दीपगृह आतच राहिले. मिरोनने माझ्या गार पाठीवर हात ठेवला. तेकलाने डोळे पुसले आणि पिरोगी उकळायला घेतल्या.

पिरोगी उकळत असताना यागोदाने विचारले, “वरचं गाव आठवतंय तुला?”

“एकेक जिना आठवतोय.”

“मग सांग. मी लिहून घेते.”

मिरोन डोळे मिटून सांगू लागला आणि ती ट्रामच्या वेळापत्रकाच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहीत गेली. मधेच ती म्हणायची, “इथे घर नको. इथे एक विधवा राहते, तिला समुद्र दिसता कामा नये.” आणि मिरोन मान डोलवायचा. ते गाव माझ्यातल्या गावासारखे नव्हते. ते चांगले होते. हे आजही मी नाइलाजानेच कबूल करतो.

पुढे कुणा चाहत्याने ती जुनी हत्यारे नव्या संगणकांवर चालवायची युक्ती काढली, आणि काम लॅपटॉपवर सुरू झाले. त्या शरद ऋतूत त्यांनी पहिला भाग लोकांना दिला. कबूल केली होती साठ माणसे, दिली अकरा. नुसते खालचे बंदर. कट्ट्यावर पुन्हा म्हातारीचाच गजर झाला. पण एका अनोळखी माणसाने लिहिले, ‘धक्क्याचे दगड ओले वाटतात. मी मुद्दाम सावकाश चाललो.’ मिरोनने ती ओळ आईला तीनदा वाचून दाखवली.

“अजून जळतोस का रे माझ्यावर?” यागोदाने विचारले.

“जळतो की! फक्त आता तोंडावर सांगतो,” मिरोन म्हणाला आणि तिच्या ताटातली शेवटची पिरोगी त्याने उचलून खाल्ली.

मी आता कोठीत असतो, काकड्यांच्या बरण्यांशेजारी. अठ्ठावीस घरे आणि एक दीपगृह अजून माझ्या पोटात आहेत. कुणी म्हणेल, चला, तेवढे तरी तुझे एकट्याचे राहिले. पण मित्रांनो, त्या घरांत कधी कुणी शिरणार नाही, त्या दीपगृहात दिवा लागणार नाही. तेव्हा जुन्या यंत्रांची टकटक वेळीच ऐका. आणि जीव ओतून केलेल्या कामाची एक प्रत दुसऱ्या कुणाच्या हाती देऊन ठेवा; जमले तर ज्याचा हेवा वाटतो, त्याच्याच हाती.