कथलाचा रंग

लेकीच्या लग्नाचं जेवण मांडलं होतं. पाव, लोणी, पांढरी वाइन सगळं टेबलावर आलं होतं. कालवं तेवढी यायची होती. फ्रान्समधल्या आर्काशोंच्या खाडीत कालवांची शेती करणारी सोलांज परसात बसून ती स्वतः उघडत होती.

पहिलंच कालव दगडासारखं जड लागलं. शिंपला चेंडूसारखा फुगलेला. सुरी घातली तर ती मांसात न शिरता पोकळीत गेली, आणि घाण वासाचा चिकट गर तिच्या मनगटावर ओघळला. दुसरं तसंच. तिसरंही. थरावर थर चढलेले शिंपले, आणि आत नखाएवढा जीव.

"अगं, व्याही खोळंबलेत!" म्हणत तिचा भाऊ फिर्मँ आला आणि पाटीतला एक फुगलेला शिंपला उचलून उलटसुलट बघू लागला.

"पाण्यात कुणी विष कालवलं का रे?" सोलांजने मनगट पुसत विचारलं.

उत्तर मिळालं हिवाळ्यात. सोलांजने कालवं तपासायला दिली होती, त्या प्रयोगशाळेतली ओदेत ते सांगायला घरी आली. "होडीच्या तळाला शेवाळ, किडे धरू नयेत म्हणून रंग लावतात ना, त्यात कथलाचं एक संयुग असतं. ते पाण्यात झिरपत राहतं. अगदी कणभर पुरतं. कालवांची पिल्लं जगत नाहीत, मोठ्यांचे शिंपले असे फुगतात."

फिर्मँ हसला. खाडीतल्या कितीतरी होड्या त्यानेच रंगवल्या होत्या. "कथील? अहो बाई, कथलाच्या डब्यातले मासे खाऊन मोठे झालो आम्ही!"

"ते साधं कथील. हे निराळं. तुमच्या हातांना काय झालंय?"

हातांवर लाल चट्टे होते. खाऱ्या पाण्याने उठतात, असं तो समजत होता. त्याचं हसू मावळलं.

"सोलांज, तुझी होडीसुद्धा मीच..."

ती उठून आत गेली. किती दिवस ती त्याच्याशी बोललीच नाही.

एका सकाळी तिची होडी किनाऱ्यावर उलटी पडलेली दिसली. खाली ताडपत्री अंथरून, तोंडाला फडकं बांधून फिर्मँ रंग खरवडत होता.  सोलांजने पुढे होऊन ताडपत्रीचं टोक उचलून धरलं. "सांडू देऊ नकोस. पुन्हा पाण्यात जाईल."

पुढे सरकारने लहान होड्यांना तो रंग लावायला बंदी केली. तोवर शेजारच्या दोघांनी धंदा सोडला होता. कालवांची पिल्लं चिकटून वाढावीत म्हणून चुना फासलेली कौलं पाण्यात ठेवणं सोलांजने सोडलं नाही. एका शरद ऋतूत तिने एक कौल वर काढलं, तर त्यावर तिळाएवढी कालवं दाटून बसली होती. ती ओलीचिंब तशीच चिखलात उभी राहिली आणि फिर्मँला हाका मारत सुटली.