अरुंधतीच्या साबणातली चूक

खरं सांगू? मी जळत होते. लोक म्हणतात, मन खट्टू झालं, वाईट वाटलं. माझं तसलं काही नव्हतं. सरळ जळत होते.

एकोणऐंशी साल. नागपूरच्या आमच्या जीवरसायन विभागात आम्ही दोघी बकऱ्याच्या गुर्द्यातून, म्हणजे मूत्रपिंडातून, एकच एन्झाइम काढून राहिलो होतो. एन्झाइम म्हणजे प्रथिनच, पण पेशीच्या पडद्यात रुतून बसलेलं. पडदा चरबीचा, म्हणून साबणाशिवाय ते सुटत नाही. माझा साबण कडक. प्रथिन सुटायचं, पण सुटता सुटता अर्ध्याच्या वर मरून जायचं. तीन वर्षं रोज सकाळी कळमेश्वरहून एसटीनं यायचं, खाटकाकडून गुर्दे घ्यायचे, बर्फवाल्याकडून भुसा लागलेला बर्फ घ्यायचा, न् हेच करायचं.

मग ही अरुंधती आली. रामदासपेठेतल्या डॉक्टरची पोरगी. भावानं तिले अमेरिकेहून ट्रायटनची बाटली आणून दिली होती. ट्रायटन म्हणजे मधासारखा घट्ट, सौम्य साबण. पडदा विरघळवतो, पण प्रथिनाले धक्का लावत नाही. एन्झाइम जिवंत असलं की नळीत पिवळा रंग येतो. तिच्या नळीत पहिल्याच आठवड्यात असा पिवळाजर्द आला, की आमचे गाईड सर खुर्ची ओढून तिच्या टेबलापाशी बसले. माझ्या टेबलापाशी तीन वर्षांत ते धड उभेही राहिले नव्हते. वरून ही बाई गोड. डबा उघडला की आधी मले, "शामलाताई, घ्या ना." रागवायचीसुद्धा सोय ठेवली नव्हती तिनं.

फेलोशिप एकच होती. सरांनी सांगून ठेवलं होतं की सेमिनारमध्ये दोघींनी आपापला आकडा मांडायचा, एक मिलिग्रॅम प्रथिन किती युनिट काम करते तो. जिचा आकडा वर, तिचं नाव दिल्लीले जाईल. दुसरीनं आपला रस्ता धरायचा. माझा रस्ता म्हणजे कळमेश्वरची शाळा न् आईनं पाहून ठेवलेला मुलगा.

सेमिनारच्या दोन दिवस आधी आकडे कळले. माझे बारा, तिचे दहा. तिचं एन्झाइम काम भरपूर करत होतं, पण प्रथिनही भरपूर निघालं होतं, म्हणून भागाकार कमी आला. म्हणजे मी जिंकले होते. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "मंग काहून जळून राहिली वं अजून?"

काहून म्हणजे काय? सर अजूनही म्हणतच होते, अरुंधतीचा हात काय सुरेख आहे. मले ते बंद करायचं होतं.

न् मले एक गोष्ट माहीत होती. प्रथिन मोजायचं यंत्र नळीतून प्रकाश सोडते, न् प्रथिन जितकं जास्त तितका प्रकाश ते खाते. पण ट्रायटनही तोच प्रकाश खाते. म्हणून यंत्राचं शून्य ट्रायटनच्या पाण्यावर लावावं लागते. अरुंधतीनं ते साध्या पाण्यावर लावलेलं मी तीन आठवड्यांपूर्वी डोळ्यांनी पाहिलं होतं. तोंड उघडलं नाही. सगळ्यांसमोर उघडायचं ठरवलं होतं.

सेमिनारमध्ये तिनं फळ्यावर लिहिलं, काम चाळीस युनिट, प्रथिन चार मिलिग्रॅम, आकडा दहा. मी उभी राहिले.

"शून्य कशावर लावलं तू?"

"साध्या पाण्यावर," ती म्हणाली.

"मग तू प्रथिन नाही मोजलं. साबण मोजला."

तिचा चेहरा पडला. खोटं कशाले बोलू, माझ्या जिवाले गार वाटलं. सरांनी तिथल्या तिथे तिची नळी यंत्रात लावली, या वेळी शून्य ट्रायटनच्या पाण्यावर. प्रथिन निघालं एक मिलिग्रॅम.

"चारातले तीन साबणाचेच," मी सगळ्यांले ऐकू जाईल असं म्हटलं.

सरांनी खडू माझ्या हातात दिला. "चूक तू पकडली. आकडाही तूच दुरुस्त कर."

मी जवळजवळ धावतच गेले. खालचा चार पुसला न् एक लिहिला. तिथे हात थांबला. वर चाळीस, खाली एक. खालची संख्या घटली की उत्तर वाढते, हे मी वर्षभर एम.एस्सी.च्या पोरींले शिकवत होते. पण त्या तीन आठवड्यांत मले तिचा पडलेला चेहरा तेवढा दिसत होता, पुढचा भागाकार मी केलाच नव्हता.

"लिही ना," सर म्हणाले.

लिहिलं. चाळीस. शेजारी माझे बारा होते.

टाळ्या वाजल्या. माझ्यासाठीही वाजल्या, प्रामाणिकपणाच्या. अरुंधतीनं माझे दोन्ही हात धरले. डोळे भरून आले होते तिचे.

"शामलाताई, तुम्ही सांगितलं नसतं तर मी दहाच धरून बसले असते. न् तुमचे तर बारा होते."

"हो," मी म्हटलं. "बारा होते."