आधीच्या गटातली मुलगी

माझ्या भाचीच्या शाळेत यंदा धाडस शिकवायला घेतलं. गणिताचा निकाल लागला होताच, आता धाडसाचा नंबर. नववीच्या मुलांना नवे अनुभव द्यायचे म्हणून मैदानाच्या कडेला खुंट्या ठोकलेली चढायची भिंत उभी केली, तिच्या टोकाला पितळी घंटा टांगली आणि शिट्टीवाले एक सर आणले. सर दिवसभर खाली उभे राहून "घाबरायचं नाही!" म्हणून ओरडायचे. त्यांना स्वतःला भिंतीवर चढताना कुणी पाहिलं नव्हतं.

मी दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावते. भीती म्हणजे काय ते मला विचारा. भलेभले मिशीवाले खुर्चीत बसले की माझा हात सोडत नाहीत. त्यामुळे मला या प्रकाराचं हसूच आलं. भाची मात्र मनावर घेऊन बसली. घरात आम्ही तिला गोगलगाय म्हणतो. कुणी मोठ्याने हाक मारली तरी अंग चोरते. पहिल्या दिवशी ती दुसऱ्या खुंटीवरून रडत खाली आली. पण नंतर ती रोज शाळा सुटल्यावर थांबायला लागली. खेळाच्या बाई दोर धरायच्या आणि एवढंच सांगायच्या, "खाली नको बघूस, पुढची खुंटी बघ." एके दिवशी धावत घरी आली. "मावशी, घंटेला बोट लागलं गं!"

पुढे पालकांसमोरच्या कार्यक्रमाची तालीम सुरू झाली आणि खरी गंमत कळली. सरांनी मुलांचे दोन गट पाडले, 'आधी' आणि 'नंतर'. आधीच्या गटाने दोन खुंट्या चढून थरथरायचं आणि खाली यायचं. मग नंतरच्या गटाने सरसर चढून घंटा वाजवायची, म्हणजे धाडस किती वाढलं ते पालकांना दिसेल. नंतरच्या गटात सगळी पहिल्या दिवसापासून माकडासारखी चढणारी कार्टी. आणि आमची गोगलगाय 'आधी'त.

"सर, मला आता चढता येतं," ती म्हणाली.

"येत असेल गं, पण तुझ्याइतकं छान कुणी थरथरत नाही. कार्यक्रमाचा विचार कर."

त्या दिवशी ती जेवली नाही. "मला एकदा सगळ्यांसमोर घंटा वाजवायची आहे. आई, तू बोल ना सरांशी."

"जाऊ दे ना बाळा," ताई म्हणाली. "कशाला उगाच वाईटपणा घ्यायचा?"

माझ्या ताईचं सगळं आयुष्य या एका वाक्यावर चाललंय. सासरी तेच, ऑफिसात तेच, शिळं दूध देणाऱ्या दूधवाल्यापुढेही तेच. मी बोलते म्हटलं तर तिने मलाही गप्प केलं. माझी नुसती चिडचिड झाली.

कार्यक्रमाच्या दिवशी गोगलगाय दोन खुंट्या चढली आणि थरथरली. फारच छान थरथरली. पालक हळहळले. सरांनी उतरायची शिट्टी वाजवली. ती तिसऱ्या खुंटीवर गेली. पुन्हा शिट्टी. ती चौथीवर. सर फुंकून फुंकून लालबुंद झाले. अर्ध्यावर तिचे पाय इतके लटपटायला लागले की तिने भिंतीला कपाळ टेकवलं. ताईने डोळे गच्च मिटले होते. मला तेव्हा वाटलं, उतर गं बाई, काय करायचीय ती घंटा!

मग घंटा वाजली. वाजतच राहिली. पालकांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि नंतरच्या गटातले वीर कमरेला दोर बांधून तसेच ताटकळत राहिले.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी बोलावलं. ताईने आधार म्हणून मलाही नेलं.

"शिस्त मोडलीस तू. सरांची माफी माग, नाहीतर उपक्रमातून तुझं नाव काढावं लागेल."

गोगलगाय उभ्या जागी कापायला लागली. मुख्याध्यापिका शेजारी बसलेल्या सरांकडे वळल्या. "बघा, आता कशी व्यवस्थित थरथरतेय! काल हेच केलं असतं तर?"

"मॅडम, वर चढताना पण मी थरथरतच होते," भाची म्हणाली. "पण मी माफी नाही मागणार."

"तुम्हीच समजवा हो हिला," मुख्याध्यापिका ताईला म्हणाल्या.

ताईचं वाक्य मला पाठ होतं. मी तोंड कडू करून खिडकीबाहेर बघायला लागले. ताईने पर्स उघडली, बंद केली.

"नाव काढा, मॅडम," ती म्हणाली. "तिला शिकायचं होतं ते ती शिकली."

सरांची शिट्टी गळ्यातच राहिली. मी उठताना खुर्ची मुद्दाम जोरात सरकवली.

बाहेर आल्यावर ताई जिन्याच्या पहिल्याच पायरीवर कठडा धरून थांबली. "अगं, माझे पाय बघ कसे कापतायत. मी काय बोलून बसले!"

गोगलगायीने तिचा हात धरला. "खाली नको बघूस, आई. पुढची पायरी बघ."

मी दुसऱ्या बाजूने ताईचा दंड धरला आणि आम्ही तिघी जिना उतरलो.