दोन-चारचं माप

ही २००५ सालची गोष्ट. चुडा भरायला कासारीण चार वाजता यावी, अशी व्यवस्था मी मुद्दाम केली होती. माझ्या स्नेहलचे हात सकाळी आखडलेले असत, मूठ वळायला अकरा वाजत. दुपारी ते चारचौघींसारखे दिसत.

पण विहीणबाई, चतुराबाई, सकाळी नऊलाच जीप घेऊन दारात. सोबत चार बायका, गाडी चालवायला नवरदेव ललित, आणि वाटेत पंचवटीतून उचललेली आमचीच कासारीण, कुसाबाई.

"चारला राहुकाळ हाय," चतुराबाई म्हणाल्या. "म्हटलं, आत्ताच उरकू."

राहुकाळ माझ्या ध्यानात कसा आला नाही कोण जाणे. एरवी मी तो अख्ख्या गल्लीला सांगत फिरते.

आठ दिवसांपूर्वी स्नेहलच्या रक्ताचा रिपोर्ट आला होता. संधिवात, मला आहे तोच, शरीर आपल्याच सांध्यांना परकं समजून पोखरतं तो. डॉक्टर म्हणाले, "हे रक्तातून येतं, पण सगळ्यांना होत नाही. धूळ-धुराची काडी लागली की पेटायची भीती जास्त. दगडाची धूळ तर फार वाईट. हिला जपा." मला ती काडी अंबडच्या फाउंड्रीमागच्या चाळीत लागली असावी. आणि पोरगी मी दिली होती सिन्नरच्या अलीकडे, खडी क्रशरच्या मालकाकडे. घर आणि क्रशर यांच्यामध्ये फक्त एक तुळस.

लग्न चार दिवसांवर. मी गप्प बसायचं ठरवलं. औषध सुरू आहे, होईल कमी, असं स्वतःला समजावलं. मला समजावणं फार सोपं आहे.

कुसाबाईनं पोरीचा हात मांडीवर घेतला. साखरपुड्याला बांगडीचं दोन-चारचं माप होतं. तिनं अंगठा आत दाबला, बोटं जुळवली, हिरवी बांगडी सरकवली. ती बोटांच्या मुळाशी अडली. कुसाबाईनं आणखी दाबलं. स्नेहलनं ओठ दातात धरला. बांगडी कट्कन वाढली.

नवरीच्या हातावरची पहिलीच.

कुसाबाईनं माझ्याकडे पाहिलं. माझं माप तिनंच वाढवत नेलं होतं. सुजलेलं हाड तिच्या बोटांना कळतं. "गारठा हाय सकाळचा, दुसरं काय," ती म्हणाली आणि पेटीतून गुपचूप मोठ्या मापाच्या, दोन-आठच्या काढल्या.

निभावलं होतं. मला फक्त तोंड मिटून बसायचं होतं. तिनं पुन्हा हात दाबला. स्नेहलच्या डोळ्यांतून पाणी आलं, आवाज न करता.

"कुसाबाई, थांब."

पदराखालची माझी वाकडी बोटं मी विहीणबाईंपुढे धरली. "हिला हेच झालंय. कळून आठ दिवस झाले. तुमच्याकडची धूळ तिला सोसायची नाही."

"बांगडी वाढली नसती तर सांगितलं असतं?"

"नाही."

"आत्ता तरी खरं बोललात." त्या माझ्या बोटांकडे बघत राहिल्या. "तीस वर्सं त्याच धुळीत हाय मी. मला काय झालं?"

"तुमच्या रक्तात नसेल. आमच्या आहे."

"ललितला काय सांगू मी?"

"त्यांना माहीत आहे," स्नेहल म्हणाली. "मी त्याच दिवशी सांगितलं."

आठ दिवस मी काय झाकत बसले होते, देव जाणे.

चतुराबाई दारात गेल्या. "ललित, नाशकात दोस्तासाठी म्हणून खोली बघतोयस, ती दोस्तासाठी नाय ना?"

जीपला टेकलेल्या ललितनं मान खाली घातली. "नाही, आई."

"मला कधी सांगणार होतास?"

"लग्न झाल्यावर."

"म्हंजे दोन्हीकडून मलाच येड्यात काढायचं चाललं होतं." त्या पायरीवर बसल्या. एकुलता एक मुलगा. घराबाहेर पडणार तो कायमचाच. मी त्यांच्या जागी असते तर मुकाट्यानं जीप फिरवायला लावली असती.

"फोन लाव बापाला," त्या म्हणाल्या. "म्हणावं, सून क्रशरवर नाय राहणार. आन् तू बी नाय."

"ते लग्न मोडतील."

"लाव."

त्यानं मोबाइल कानाला लावला. पलीकडून क्रशरच्या घरघरीत "हॅलो" आलं, आणि ललितचे ओठ नुसतेच हलले. चतुराबाई उठल्या, त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"मी बोलतीय," त्या म्हणाल्या. "आधी ते क्रशर बंद करा, मला नीट ऐकू येत नाय."